आत्ता मला भान आहे का?

शिक्षकखोलीत आपण वह्या तपासत बसलेलो असतो. अचानक वीज जाते, डोक्यावरचा पंखा मंदावत मंदावत थांबतो. त्या क्षणी लक्षात येते, की इतका वेळ पंख्याची केवढी घरघर चालली होती! आता प्रश्न असा, की वीज जाण्यापूर्वी ती घरघर आपल्याला ऐकू येत होती का? 'येत होती' म्हणावे, तर मग आत्ता नव्याने काय कळले? 'येत नव्हती' म्हणावे, तर जे ऐकूच येत नव्हते ते थांबलेले कसे कळले? शेजारच्या शिक्षकांना विचारून पाहा. उत्तर चटकन येते. पण त्यावर आणखी एक प्रश्न विचारला की ते डळमळू लागते.

सूझन ब्लॅकमोर या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी असल्याच प्रश्नांवर एक पुस्तक लिहिले आहे. २००९ मध्ये ते 'टेन झेन क्वेश्चन्स' या नावाने निघाले. २०११ पासून ते 'झेन अँड द आर्ट ऑफ कॉन्शसनेस' या नावाने मिळते. (दुसरे नाव विक्रीला बरे असेल, पण पहिले अधिक प्रामाणिक होते.) पुस्तक नवे नाही. तरी शिक्षकांच्या मासिकात आज त्यावर लिहावेसे वाटते, त्याला कारण आहे. ध्यान आता शाळेच्या दारापर्यंत आले आहे. कोणी परिपाठानंतर दहा मिनिटे मुलांना डोळे मिटून बसवतो, कोणी सुट्टीत शिबिराला जाऊन येतो. परतताना बरोबर एक वाक्यही येते, की 'ध्यान म्हणजे आतले विज्ञान आहे.' वर्गातला एखादा चौकस मुलगा हे वाक्य ऐकून विचारतो, "सर, मग याचा प्रयोग कसा करायचा?" या मुलाला हसून गप्प बसवणे सोपे आहे. त्याच्या प्रश्नाला सरळ भिडणारी पुस्तके फार थोडी आहेत, आणि हे त्यांतले एक आहे.

लेखिकेची थोडी ओळख करून देतो, कारण इथे निरीक्षक कोण आहे याला महत्त्व आहे. ब्लॅकमोरबाईंचा जन्म १९५१ चा. १९७० मध्ये ऑक्सफर्डला शिकत असताना त्यांना आपण शरीराबाहेर तरंगत असल्याचा विलक्षण अनुभव आला. त्यांची खात्रीच पटली, की मन शरीराबाहेर पडू शकते आणि प्रस्थापित विज्ञानाला हे ठाऊक नाही. ते सिद्ध करायला त्या परामानसशास्त्रात शिरल्या, १९८० मध्ये त्यातच पीएच.डी. मिळवली. वर्षानुवर्षे परचित्तज्ञानाचे प्रयोग केले आणि हाती काहीच लागले नाही. तसे त्यांनी उघडपणे लिहिले, आणि पुढे त्या याच क्षेत्राच्या कठोर टीकाकार झाल्या. आपली लाडकी कल्पना प्रयोगात हरलेली पाहून ती सोडून देणारी माणसे विज्ञानातही कमीच असतात. अशी बाई ध्यानाला बसते आणि जे दिसले ते लिहिते, तेव्हा ते वाचण्याजोगे असणारच. त्या स्वतःला बौद्ध म्हणवत नाहीत, हेही सांगून ठेवले पाहिजे.

त्या बसल्या ती जागा वेल्समधली. मध्य वेल्सच्या डोंगराळ भागात मेंढ्यांच्या कुरणांमध्ये माइनलुइड नावाचे एक जुने शेतघर आहे. (वेल्श भाषेतले जोड 'ल' देवनागरीला झेपत नाहीत, वाचकांनी सांभाळून घ्यावे.) तिथे विजेची तार पोचलेली नव्हती. तेलाचे दिवे, लाकडाच्या शेगड्या, आणि धान्याच्या कोठाराचे केलेले ध्यानगृह. शिबिर साधारण आठवडाभराचे. पहाटे अंधारात उठायचे, अर्धा-अर्धा तास भिंतीकडे तोंड करून बसायचे, मध्ये थोडे चालायचे, भाज्या चिरायच्या, लाकडे फोडायची, आणि या सगळ्यात बोलायचे नाही. बोलायचे ते फक्त गुरूंशी, एकट्याने, ठरलेल्या वेळी.

हे गुरू म्हणजे जॉन क्रुक. त्यांचे नाव आपल्याकडच्या पक्षिनिरीक्षकांना निराळ्याच कारणासाठी माहीत असेल. क्रुक हे मुळात ब्रिस्टल विद्यापीठातले प्राणिवर्तनशास्त्रज्ञ. कुमाऊँच्या तराईत फिनची सुगरण ही जात पुन्हा सापडली, तिच्यावरचा १९५९ चा लेख सालिम अली आणि जॉन क्रुक या दोघांच्या नावाने मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापलेला आहे. पुढे १९६४ मध्ये क्रुक यांनी सुगरणींच्या कुळातल्या अनेक जातींची तुलना करून दाखवले, की रानात किडे टिपणाऱ्या जाती बहुतेक जोडीने विखरून राहतात, आणि माळरानावर दाणे खाणाऱ्या जाती मोठ्या वसाहती करून राहतात. अन्न कुठे आणि कसे मिळते यावरून पक्ष्यांचा समाज कसा घडतो, हे सांगणारे ते सुरुवातीचे महत्त्वाचे काम होते. हाच माणूस नंतर तैवानचे चान गुरू शंग-येन यांचा शिष्य झाला. (झेन हे चिनी चान परंपरेचेच जपानी नाव.) शंग-येन १९८९ मध्ये माइनलुइडला येऊन गेले, आणि १९९३ मध्ये त्यांनी क्रुक यांना शिकवण्याचा अधिकार दिला. क्रुक २०११ मध्ये वारले. घरट्यांपुढे तासन्‌तास बसून नोंदी करणारा माणूस आणि भिंतीपुढे बसायला शिकवणारा माणूस एकच होता, हे पुढच्या चर्चेत ध्यानात ठेवावे.

क्रुक यांची काही शिबिरे चान पद्धतीची असत, तर काही तिबेटी महामुद्रा पद्धतीची. पुस्तकातल्या दहा प्रश्नांपैकी काही ब्लॅकमोरबाईंना महामुद्रेच्या शिबिरातच मिळाले. महामुद्रा ही अद्वैताची साधना आहे. श्वासावर किंवा मंत्रावर मन खिळवणे ही तिची तयारी. मुख्य काम पुढचे. मन शांत असताना त्याच्याकडे पाहायचे. मग विचार उठू द्यायचा आणि त्या हलत्या मनाकडे पाहायचे. स्थिर मन आणि चालते मन यांत काही फरक आहे का? पाहणारा आणि पाहिले जाणारे असे दोन सापडतात का? उत्तर शब्दांत द्यायचे नसते, प्रत्यक्ष पाहायचे असते. निदान सांगतात तरी असे.

मराठी वाचकाला यात परके काहीच वाटणार नाही. द्रष्टा आणि दृश्य यांच्या भेदाची उलटतपासणी ज्ञानदेवांनी 'अमृतानुभवा'त सातशे वर्षांपूर्वी केली आहे. आणि आज युरोप-अमेरिकेत भरणाऱ्या अद्वैताच्या शिबिरांत ज्यांचे नाव वारंवार येते, ते निसर्गदत्त महाराज मुंबईच्या खेतवाडीत राहणारे, विड्यांचे दुकान चालवणारे गृहस्थ होते. त्यांची मराठी संभाषणे मॉरिस फ्रीडमन या मूळच्या पोलिश अभियंत्याने इंग्रजीत आणली, आणि १९७३ च्या त्या पुस्तकातून ती जगभर गेली. पण या ओळखीचा एक तोटाही आहे. 'हे तर आमच्याकडे आधीपासूनच होते' असे म्हणून आपण पुस्तक मिटतो, आणि प्रश्न आपल्याला स्पर्श न करता निघून जातो. ब्लॅकमोरबाईंना ही सोय नव्हती. त्यांना प्रत्येक वाक्य नव्याने तपासून घ्यावे लागले, आणि तोच या पुस्तकाचा लाभ आहे.

पहिला प्रश्न आहे: आत्ता मला भान आहे का? विचारल्याबरोबर उत्तर येते, की हो, आहे. पण ब्लॅकमोरबाईंना लगेच शंका येते. प्रश्न विचारण्याच्या आधी होते का? की प्रश्न विचारल्यामुळे आले? त्या विद्यापीठात शिकवत असताना आपल्या विद्यार्थ्यांना हाच प्रश्न गृहपाठ म्हणून देत: दिवसातून जितक्या वेळा आठवेल तितक्या वेळा विचारा. अनेकांचा अनुभव असा, की प्रश्न विचारताच आपण जणू झोपेतून जागे झालो. मग आधी काय चालले होते?

दुसरा प्रश्न इथूनच निघतो: क्षणापूर्वी मला कशाचे भान होते? यावरचे प्रकरण माझ्या मते पुस्तकातले सर्वोत्तम आहे. बाई बसल्या आहेत. एखादा आवाज लक्षात येतो, आणि तो लक्षात येताच असेही वाटते, की हा तर केव्हापासून ऐकू येत होता! मग दुसरा एखादा आवाज, त्याचेही तसेच. मग पाठीवरची ऊब, तिचेही तसेच. मागे वळून पाहावे तर अनेक धागे एकाच वेळी मागे गेलेले दिसतात. प्रत्येक धागा म्हणतो, मी भानात होतो. पण एकाच वेळी त्या सगळ्यांचे भान असल्याचे तर आठवत नाही. मग यांतला खरा कोणता? बाईंचे उत्तर धीट आहे: खरा कोणताच नाही. 'माझ्या भानाचा एक अखंड प्रवाह आहे आणि त्यात एकामागून एक अनुभव येतात' ही कल्पनाच चूक आहे. प्रश्न विचारला की त्या वेळेपुरता एक प्रवाह आणि त्याचा मालक असा एक 'मी' तयार होतो. एरवी मेंदूत असंख्य गोष्टी चाललेल्या असतात, आणि त्यांतल्या अमक्या जाणिवेत होत्या व तमक्या नव्हत्या असे म्हणण्याला अर्थ नाही.

विल्यम जेम्सने १८९० मध्येच या अडचणीवर बोट ठेवले होते. मनाचा चालता क्षण पकडायला जाणे म्हणजे अंधार कसा दिसतो हे पाहण्यासाठी चटकन गॅसचा दिवा मोठा करणे, असे तो म्हणतो. आजच्या मुलांना फ्रीजचे उदाहरण जवळचे वाटेल. फ्रीजमधला दिवा सतत चालू असतो का? दार उघडून पाहावे तर प्रत्येक वेळी चालूच. फ्रीजच्या बाबतीत आपण दाराजवळचे बटण बोटाने दाबून शंका मिटवू शकतो. मनाला असे बटण कुठे आहे?

टीका इथे सुरू होते. बाईंनी पाहिलेले खोटे आहे असे मला म्हणायचे नाही. त्याला 'निरीक्षण' म्हणताना आपण काय गृहीत धरतो, ते पाहू.

ब्लॅकमोरबाईंनी स्वतः प्रयोगशाळेत केलेले एक काम इथे उपयोगी पडेल. १९९५ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एक चित्र दाखवायचे, मग ते किंचित सरकवायचे, म्हणजे नजर हलवावी लागते, आणि त्याच वेळी चित्रातली एखादी वस्तू बदलायची. चित्र जागच्या जागी असेल तर बदल चटकन ओळखू येई. सरकवले की ओळखण्याची क्षमता एकदम घसरे. आपल्याला समोरचे दृश्य भरगच्च, सर्व तपशिलांसह दिसते आहे असे वाटते, पण एका नजरेकडून दुसऱ्या नजरेकडे त्यातले फारच थोडे नेले जाते. 'बदलाचे आंधळेपण' या नावाने पुढे या विषयावर पुष्कळ संशोधन झाले. हा निष्कर्ष बाईंच्या ध्यानातल्या निष्कर्षाशी जुळणारा आहे: अनुभवाविषयीची आपली खात्री आणि प्रत्यक्ष अनुभव यांत अंतर असू शकते. पण हे अंतर उघडकीला आले कसे? चित्र बदलले आहे हे प्रयोग करणाऱ्याला ठाऊक होते म्हणून. पाहणाऱ्याचा शब्द ताडून पाहायला बाहेर काहीतरी होते. माइनलुइडच्या कोठारात चित्र कोण बदलणार, आणि बदलले हे सांगणार कोण?

वर्गात करण्याजोगे दुसरे उदाहरण अंधबिंदूचे. पुठ्ठ्यावर डावीकडे एक फुली आणि तिच्यापासून ८ सेंटिमीटरवर उजवीकडे एक ठळक ठिपका काढावा. डावा डोळा झाकून उजव्या डोळ्याने फुलीकडे एकटक पाहत पुठ्ठा हळूहळू जवळ आणावा. डोळ्यापासून साधारण ३० सेंटिमीटरवर ठिपका नाहीसा होतो. एद्म मारियॉत या फ्रेंच संशोधकाने १६६० च्या दशकात हा शोध लावला. तो हे लोकांना दाखवी, तेव्हा आपल्या डोळ्यात एक जागा आंधळी आहे आणि जन्मभर आपल्याला ती ठाऊकच नव्हती, याचा त्यांना केवढा धक्का बसत असेल! आता हे निरीक्षण अगदी 'आतले' आहे. ठिपका माझ्यासाठी नाहीसा होतो, शेजाऱ्याला तो दिसतच असतो. तरीही ते पक्के विज्ञान आहे. अंतर मोजता येते, पुठ्ठा बदलता येतो, वर्गातल्या सर्वांना करून पाहता येते, आणि डोळ्याच्या रचनेतून, म्हणजे मज्जातंतू जिथे बुबुळामागून बाहेर पडतो त्या जागेवरून, त्याचे कारणही सांगता येते. म्हणजे 'आतले आहे म्हणून विज्ञान नाही' हा आक्षेप लंगडा आहे. तो ध्यानावर घेऊ नये. आक्षेप दुसराच आहे: दोन निरीक्षकांचे पटले नाही, तर पुढे काय करायचे?

मानसशास्त्राच्या इतिहासात हा प्रसंग एकदा येऊन गेला आहे, आणि तो शास्त्राला फार महागात पडला. व्हिल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये लाइपझिगला प्रयोगशाळा काढली तेव्हापासून तरबेज निरीक्षकांनी आपल्या मनाचे निरीक्षण करायचे ही रीत रूढ झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी व्युर्ट्झबुर्गच्या संशोधकांनी नोंदवले, की काही विचार कोणत्याही प्रतिमेशिवाय येतात: ना चित्र, ना शब्द, ना संवेदना, नुसते कळते. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात टिचनर यांच्या हाताखाली शिकलेल्या निरीक्षकांना असा एकही विचार सापडेना. त्यांना नीट पाहिल्यावर दर वेळी कोणती तरी अस्फुट प्रतिमा किंवा स्नायूंचा ताण सापडे. दोन्हीकडचे लोक प्रामाणिक होते, दोन्हीकडे शिस्त कडक होती. वाद मिटेना. शेवटी 'तुमच्या निरीक्षकांचे शिक्षण कच्चे आहे' या वाक्याशी गाडी अडली. १९१३ मध्ये वॉटसन यांनी जाहीर केले, की अंतर्निरीक्षणच नको, फक्त वर्तन मोजा. पुढे काही दशके मानसशास्त्राने जाणीव हा शब्दच वर्ज्य केला. वॉटसन यांनी घातलेली बंदी अती होती असे माझे मत आहे. पण ती हवेतून आली नव्हती.

आज तोच प्रसंग पुन्हा आला आहे. ब्लॅकमोरबाईंच्या शेजारी सॅम हॅरिस या अमेरिकी लेखकाला बसवा. त्यांचे 'वेकिंग अप' हे पुस्तक २०१४ चे. हॅरिस यांनी मेंदूविज्ञानात पीएच.डी. केली आहे, तेही पंथाभिमानी नाहीत, आणि त्यांनीही वर्षानुवर्षे शिबिरे केली आहेत. नेपाळमध्ये तुल्कु उर्ग्येन या गुरूंकडे ते झोग्चेन शिकले. झोग्चेन ही महामुद्रेची सख्खी बहीण म्हणावी अशी तिबेटी अद्वैतसाधना. आता दोघांना काय दिसले? 'मी' नावाचा वेगळा पाहणारा सापडत नाही, यावर दोघांचे एकमत. पण पुढे? हॅरिस म्हणतात, जाणीव ही एकच गोष्ट अशी आहे की जी भ्रम असूच शकत नाही. बाकी सगळे गेले तरी ती शिल्लक राहते. ब्लॅकमोरबाई म्हणतात, ही सतत तेवणारी जाणीवच तर भ्रम आहे. विचारले की दिवा लागतो. एकाला दिवा कधी न विझणारा दिसतो, दुसरीला दार उघडल्यावरच लागणारा. शिबिरांच्या आतून हा वाद कसा सोडवणार? आणखी एक आठवडा बसून? दोघेही बसतील, आणि मला शंका आहे की दोघांनाही पुन्हा आपापलेच दिसेल.

ही शंका येण्याचे कारण याच पुस्तकात आहे. भानाचा प्रवाह नसतोच, हे मत ब्लॅकमोरबाईंनी २००२ मध्ये एका शोधनिबंधात सिद्धान्त म्हणून मांडले होते. २००९ च्या पुस्तकात तेच मत ध्यानातले निरीक्षण म्हणून येते. बसण्यातून सिद्धान्त निघाला, की सिद्धान्त घेऊन त्या बसल्या? पुस्तक दोनदा वाचूनही मला हे दोन धागे वेगळे करता आले नाहीत. त्यांनी लबाडी केली असे मी मुळीच म्हणत नाही. परामानसशास्त्रात याच बाईंनी आपल्या मताविरुद्ध गेलेला पुरावा मान्य केला होता. पण तिथे पत्ते होते, आकडे होते, आपले मत हरू शकेल अशी व्यवस्था होती. इथे ती व्यवस्थाच नाही. आपल्या प्रयोगवहीत आपण 'अपेक्षित' आणि 'प्रत्यक्ष' असे दोन रकाने का आखतो, हे मुलांना समजवायला यापेक्षा चांगले उदाहरण मला सुचत नाही.

आता कोणी म्हणेल, की शिबिरात गुरू असतो, तो तपासतो. हे खरे आहे. एकांतातल्या भेटीत शिष्य आपले पाहणे सांगतो आणि गुरू ते पारखतो. पण ही पारख कसली? गवयाची चीज उस्तादाने ऐकावी तशी. ती खोटी नसते, बहुधा फार बारीक असते. पण तिच्यात 'पटले' आणि 'बरोबर आहे' या दोन गोष्टी सुट्या करता येत नाहीत. या बाबतीत ब्लॅकमोरबाईंनी केलेली एक गोष्ट मला फार आवडली. पुस्तकाच्या शेवटी त्यांनी क्रुक यांनाच अभिप्राय लिहायला सांगितले आणि तो छापला. हा अभिप्राय म्हणजे शाबासकी नव्हे. झेनमधले प्रश्न बुद्धीने सोडवायचे नसतात, आणि बाईंची वाट फार बौद्धिक आहे, असा त्याचा रोख आहे. गुरू आणि शिष्या यांचे जिथे जमले नाही ती जागा वाचकाला अशी उघडी दाखवणारी ध्यानावरची पुस्तके मी फार पाहिलेली नाहीत. बहुतेक पुस्तकांत शेवटी सगळ्यांना सगळे कळलेले असते.

मला स्वतःला गंमत वाटते ती क्रुक यांची. सुगरणींच्या बाबतीत ते जातींमागून जाती तपासत, नोंदी लिहीत, आणि दुसऱ्या कोणीही त्या माळरानावर जाऊन पडताळावे अशा तऱ्हेने लिहीत. कोठारातल्या भिंतीपुढे मात्र असा कागद ठेवलेला नाही. ही त्यांची चूक म्हणता येणार नाही. ते तिथे संशोधन करायला बसवत नव्हते. गफलत आपली होते, आपण त्याला संशोधन म्हणू लागतो तेव्हा.

मेंदूचे चित्रण करून हा निवाडा होईल का? प्रयत्न झाले आहेत आणि ते हलके नाहीत. न्यूयॉर्कच्या झोरान योसिपोविच यांनी अनुभवी साधकांच्या मेंदूचे चित्रण करून २०१२ मध्ये एक निष्कर्ष मांडला. बाहेरच्या कामात गुंतणारी मेंदूतली जाळी आणि स्वतःविषयीच्या विचारांत गुंतणारी जाळी सहसा आळीपाळीने चालतात. एक वर तर दुसरी खाली. एका वस्तूवर मन खिळवले की हा विरोध वाढतो, आणि साधक अद्वैत-भानात असतो तेव्हा तो कमी होतो. निष्कर्ष मननीय आहे. पण 'साधक आत्ता अद्वैत-भानात आहे' हे यंत्राला कोणी सांगितले? साधकानेच. मेंदूत काहीतरी खरोखर बदलते एवढे यंत्र सांगते. हॅरिस बरोबर की ब्लॅकमोरबाई, हे ते सांगत नाही.

मग आठवडाभराच्या शिबिराला काहीच अर्थ नाही का? तसे नाही. बोलणे बंद, वाचणे बंद, रोजची कामे बंद, झोप बेताची. अशा आठवड्यात लक्ष एका जागी ठेवण्याचा सराव होतो, आणि एरवी निसटणाऱ्या गोष्टी टिपता येतात. पंख्याची घरघर पंखा बंद न पडता लक्षात येणे, ही काही क्षुद्र गोष्ट नव्हे. चांगले प्रश्न इथून मिळू शकतात. मात्र याच परिस्थितीत मन सूचनाक्षमही होते. दिवसभर 'मी कुठे आहे?' असे विचारत बसलेल्या दमलेल्या माणसाला 'मी' हरवल्यासारखा वाटला, तर त्यातले किती पाहण्याचे आणि किती जागरणाचे, हे पुस्तकात फारसे चर्चिलेले नाही. ही मला त्रुटी वाटते. तशीच दुसरी एक. अमेरिकेत ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये अनेक अनुभवी साधकांच्या मुलाखतींवरून एक अभ्यास प्रसिद्ध केला. भीती, झोप उडणे, आवाज आणि प्रकाश सहन न होणे, आणि 'मी'पणाची जाणीव विस्कटणे अशा गोष्टी त्यात नोंदल्या आहेत, आणि काहींना त्यांचा दीर्घकाळ त्रास झाला. म्हणजे अद्वैताच्या शिबिरात जे फळ म्हणून सांगितले जाते, तेच काहींच्या वाट्याला दुखणे म्हणून येते. ब्लॅकमोरबाईंचे पुस्तक याआधीचे, त्यामुळे दोष त्यांना देता येणार नाही. पण वर्गातल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना अशा प्रश्नांपुढे तास न्‌ तास बसवण्याची हौस असलेल्यांनी हा अभ्यास विसरू नये. ज्याला बसायचे नाही त्याला उठून जायची मुभा हवी, एवढे तरी.

शाळेत या पुस्तकातले काय वापरता येईल? दहा प्रश्नांपैकी पहिले दोन जरूर घ्यावेत. मी ते अकरावीच्या वर्गात घेतले, पण थोड्या बदलाने. रसेल हर्लबर्ट हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ १९७० च्या दशकापासून एक पद्धत वापरत आले आहेत. माणसाजवळ एक छोटे यंत्र ठेवायचे, ते कधीही अवचित वाजते. वाजले की त्याच्या अगदी आधीच्या क्षणी मनात काय होते, ते लिहायचे. यात प्रश्न कधी विचारायचा हे आपल्या हाती राहत नाही, हा मोठा फायदा. आमच्याकडे यंत्र नव्हते, पण शिपायाच्या हातात घंटा होती. तो मधूनच एखादा टोल द्यायचा आणि मुले चिठ्ठीवर एक ओळ लिहायची. पहिल्या दिवशी बहुतेकांनी 'तुमचे शिकवणे ऐकत होतो' असे लिहिले, ते मी शिष्टाचार म्हणून सोडून दिले. नंतर चिठ्ठ्या खऱ्या होऊ लागल्या. एका मुलीने लिहिले, "घंटा ऐकली तेव्हा मी काहीतरी विचार करत होते, पण लिहायला घेतल्यावर तो शब्दांत नव्हता असे वाटले." शेजारच्या मुलाने तिला ऐकवले, की शब्दांशिवाय विचार येऊच शकत नाही, तू नीट पाहिले नसशील. व्युर्ट्झबुर्ग आणि कॉर्नेल यांचे भांडण आमच्या तिसऱ्या बाकावर सुरू झाले, आणि मला तो तास त्यावरच खर्च करावा लागला.

सातवा आणि आठवा प्रश्न ('तू केव्हा आहेस?' आणि 'तू आत्ता इथे आहेस का?') वर्गासाठी सोडून द्यावेत. पुस्तकातही ती प्रकरणे मला बरीच फिरून-फिरून तिथेच येणारी वाटली. नववा प्रश्न, 'मी काय करतो आहे?', इच्छास्वातंत्र्याचा आहे. तो घ्यायचाच तर बेंजामिन लिबेट यांचा १९८३ चा प्रयोग आधी सांगावा. बोट हलवण्याची इच्छा झाल्याचे माणूस सांगतो त्याच्या सुमारे तिसरा भाग सेकंद आधीच मेंदूत हालचालीची तयारी सुरू झालेली असते, असे त्यात दिसले. त्यावर आजही वाद चालू आहे, आणि मुले तो आवडीने करतात. लिबेट यांनी मेंदूतला विद्युत्‌-बदल यंत्राने मोजला, स्नायूंची हालचाल यंत्राने मोजली. इच्छा नेमकी केव्हा झाली हे मात्र फिरत्या ठिपक्याच्या घड्याळाकडे पाहून त्या माणसालाच सांगावे लागले होते.